ओल वर ठेवा : पूर पाहिलेल्या घराची खरेदी-विक्री आणि इस्लामची शिकवण

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा धान्याच्या राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. हे काय आहे, असे त्यांनी धान्याच्या मालकाला विचारले. पाऊस लागला होता, असे त्याने सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना ते दिसले असते. जो फसवणूक करतो त्याचा आपल्याशी संबंध नाही, असेही त्यांनी फरमाविले. ही हदीस माननीय अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आली असून 'सहीह मुस्लिम' या संग्रहात आहे.

ही हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. आता ती जरा थांबून वाचू या. पाऊस पडणे हा त्या व्यापाऱ्याचा अपराध नव्हता. ओले धान्य विकूच नकोस, असेही त्याला सांगितले गेले नाही. आक्षेप घेतला गेला तो कोरडे वर आणि ओले खाली ठेवण्यावर. दुसरी गोष्ट अशी की प्रेषितांनी (स.) रास नुसती डोळ्यांनी पाहिली नाही, तर हात आत घातला. विक्रेत्याने ओल वर ठेवावी आणि पाहणाऱ्याने हात आत घालावा, असे दोन धडे या एका प्रसंगातून मिळतात. या पाठात आपण ते एका विशिष्ट व्यवहाराला लावून पाहणार आहोत. तो व्यवहार म्हणजे पुरात बुडून गेलेल्या आणि नंतर दुरुस्त केलेल्या घराची खरेदी-विक्री.

विषय आपल्या उंबरठ्यावरचा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवसांत सावित्रीच्या पुराने महाड बुडाले. या दोन्ही शहरांनी २००५ च्या जुलैतही पूर पाहिला होता. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांवर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर चढले.

या सर्व ठिकाणी आपल्या वस्त्या आहेत, मशिदी आहेत, नातीगोती आहेत. मुंबईत किंवा आखाती देशांत वर्षानुवर्षे कष्ट करून साठवलेल्या पैशातून कोणी गावाकडे घर घेतो. पुराला कंटाळून कोणी घर विकून उंचावर जातो. म्हणजे आपण या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभे असतो. एका बाजूला एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची हलाल कमाई असते आणि दुसऱ्या बाजूला पुराने आधीच खचलेले दुसरे कुटुंब. म्हणून हा विषय केवळ गवंड्याचा किंवा दलालाचा नाही. तो दीनचा विषय आहे.

ऐब, तदलीस आणि खियार

इस्लामी फिक्हमध्ये या संदर्भात तीन शब्द येतात. ते नीट समजून घेतले तर पुढचे सर्व सोपे होते.

पहिला शब्द 'ऐब', म्हणजे दोष. त्या व्यवसायातील जाणकारांच्या दृष्टीने ज्या गोष्टीमुळे वस्तूची किंमत घटते ती ऐब, अशी हनफी फकीहांची कसोटी आहे. सडलेली चौकट, आतून ओली राहिलेली भिंत, पाण्यात राहून गेलेले वायरिंग हे उघडच ऐब आहेत. पण घर एकदा बुडाले होते, एवढीच गोष्टही सांगावी का? ज्या गावात ती कळल्यावर ग्राहक किंमत कमी देतो, त्या गावात या कसोटीनुसार ती सांगण्याजोगीच गोष्ट ठरते.

दुसरा शब्द 'तदलीस', म्हणजे दोष झाकून वस्तू चांगली भासविणे. बाजारात नेण्यापूर्वी काही दिवस जनावराचे दूध न काढता सड भरलेले दाखवायचे, म्हणजे ग्राहकाला ते दुभते वाटावे, अशी युक्ती अरबांत प्रचलित होती. प्रेषितांनी (स.) ती निषिद्ध ठरविली. असे जनावर घेतलेल्याने दूध काढून पाहिल्यावर पसंत असल्यास ते ठेवावे, नसल्यास एक साअ खजुरांसह परत करावे, असे त्यांनी सांगितले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. परत करण्याच्या तपशिलाबाबत फकीहांमध्ये मतभेद आहेत, परंतु कृत्य निषिद्ध असण्याबाबत नाहीत. ओल्या भिंतीवर पुट्टी फिरवून चकचकीत रंग देणे आणि दूध कोंडून सड फुगविणे यांत तत्त्वतः काय फरक आहे, याचा विचार वाचकांनीच करावा.

तिसरा शब्द 'खियार', म्हणजे व्यवहार कायम ठेवण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार. खरेदीच्या वेळी ठाऊक नसलेला जुना दोष नंतर उघड झाला तर ग्राहकाला 'खियारुल-ऐब' मिळतो. त्याने वस्तू परत करून पैसे घ्यावेत किंवा दोषासह ती स्वीकारावी. मात्र दोष कळल्यावर गप्प राहून वापर चालू ठेवला तर हा अधिकार दुबळा होतो. म्हणून दोष कळताच विलंब न लावता तो कळवावा.

'घर पाहिले' म्हणजे काय?

या प्रश्नावर आपल्या फकीहांनी शेकडो वर्षांपूर्वी केलेली चर्चा आजच्या गृहस्थाला थक्क करील अशी आहे.

घराचे आंगण पाहिले म्हणजे घर पाहिल्यासारखे झाले, असे प्रारंभीच्या हनफी फकीहांचे म्हणणे होते. इमाम जुफर (रह.) यांना हे मान्य नव्हते. खोल्यांच्या आत जाऊन पाहिलेच पाहिजे, असे त्यांचे मत होते. 'हिदाया' या ग्रंथाचे कर्ते मरगीनानी (रह.) यांनी याचा उलगडा केला. त्या काळी त्या शहरांतील घरे एकसारखी असत, म्हणून आंगणावरून आतला अंदाज येत असे. आता घराघरांत फरक पडतो, म्हणून आत जाणे आवश्यक आहे, असे ते लिहितात.

कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफिई मसलकाचे आहेत. त्या मसलकाचे थोर इमाम नववी (रह.) यांनी 'रौजतुत्तालिबीन'मध्ये घर खरेदी करताना काय पाहावे याची यादीच दिली आहे. खोल्या, छत, गच्ची, आतून आणि बाहेरून भिंती, न्हाणीघर आणि सांडपाण्याची मोरी, असे सर्व पाहिले जावे, असे ते सांगतात. एवढेच नव्हे, तर न पाहिलेल्या वस्तूची विक्री शाफिई मसलकाच्या प्रबळ मतानुसार वैधच ठरत नाही.

आता आपली रीत पाहा. दुबईत बसलेला मुलगा फोनवर चार मिनिटांची चित्रफीत पाहतो, नवा रंग आणि नव्या टाइल्स बघून होकार देतो, बयाणा पाठवतो. यात मोरीही दिसत नाही आणि वासही येत नाही. स्वतः येणे शक्य नसेल तर आपल्या वतीने वकील म्हणजे प्रतिनिधी नेमण्याची मुभा शरीअतने दिली आहे. पण तो निवडताना त्याचे पाहणे हे आपलेच पाहणे ठरणार आहे, याचे भान ठेवावे. विक्री झाल्यावर ज्याला कमिशन मिळणार आहे असा माणूस या कामासाठी योग्य नव्हे.

हात आत घालणे : पाहणी कशी करावी

पुढील गोष्टी मालकाच्या परवानगीने आणि शक्य तर अनुभवी गवंडी व वायरमन सोबत घेऊन पाहाव्यात.

१. आधी गल्ली, मग घर. पाणी कुठवर आले होते, हे घरमालकाच्या आधी शेजाऱ्यांना विचारावे. मशिदीच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, दुकानाच्या शटरवर पुराची रेघ पुष्कळदा शिल्लक असते, लोक ती मुद्दाम जपूनही ठेवतात. पुरानंतर तलाठ्याने पंचनामा केला होता का, नुकसानभरपाई मिळाली होती का, हेही विचारावे. जलसंपदा विभागाने अनेक नद्यांच्या पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा साधारणतः पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची असते. आपले घर कोणत्या रेषेच्या आत येते, याची चौकशी नगरपरिषदेत करावी. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर बंधने असतात. उद्या मजला चढविण्याचा विचार असेल तर हे आजच कळलेले बरे.

२. वास. आगाऊ न कळविता, शक्यतो सकाळी लवकर, दारे-खिडक्या उघडण्यापूर्वी घरात जावे. ओलीचा कुबट वास रंगाने काही दिवस दबतो, पण जात नाही. घरात अगरबत्ती, फिनेल आणि ताज्या रंगाचा वास एकाच वेळी दरवळत असेल तर भिंतीतल्या कपाटांची दारे उघडून आत वास घ्यावा. तेथे रंग सहसा पोचलेला नसतो.

३. अर्ध्या भिंतीची गोष्ट. पूर भिंतीवर आडवी रेघ सोडतो, म्हणून झाकपाकही आडवी असते. बैठकीच्या खोलीत चार-पाच फुटांपर्यंत टाइल्स किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावल्या आहेत आणि वर साधा रंग आहे, खालच्या भागाचा गिलावा वरच्यापेक्षा किंचित पुढे आला आहे, रंगाची छटा एका उंचीवर बदलते, अशी चिन्हे दिसली तर कारण विचारावे. हे सौंदर्यासाठीही केलेले असू शकते, म्हणून लगेच आरोप करू नये. पण प्रश्न अवश्य विचारावा.

४. भिंतीची ओल. भिंतीवर नाण्याने किंवा किल्लीने हलके ठोकत जावे. गिलावा भिंतीला घट्ट धरून असेल तर आवाज टणक येतो, सुटलेला असेल तर पोकळ येतो. पांढरी भुकटी म्हणजे लोणा कुठे लागला आहे का, हे फर्निचरच्या मागे, कोपऱ्यांत आणि जिन्याखाली पाहावे. कोकणातल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती सच्छिद्र असतात. त्या भरपूर पाणी पितात आणि सावकाश सोडतात. अशी भिंत पुरती वाळण्याआधीच तिच्यावर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि ऑइलपेंट चढविला तर पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. ते भिंतीतच राहते, वर सरकते आणि एखाद-दोन पावसाळ्यांनी पोपडे व काळी बुरशी होऊन बाहेर येते. याची एक सोपी परीक्षा आहे. फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर व फरशीवर घट्ट बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. त्याच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे असे समजावे.

५. फरशी आणि पाया. जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसविल्या असतील तर उंबरठा बुटका होतो, दारे खालून तासलेली दिसतात आणि जिन्याची पहिली पायरी इतर पायऱ्यांपेक्षा कमी उंचीची राहते. खालचा भराव पुराने वाहून गेला असेल तर फरशी खचते. गोटी ठेवली की ती एका कोपऱ्याकडे घरंगळते. दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या असतील, किंवा भरलेल्या भेगांच्या रेषा रंगाखालून दिसत असतील, तर पायाबाबत अभियंत्याचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

६. लाकूड आणि लोखंड. चौकटीचे पाय पाहावेत. तळाशी नवा तुकडा जोडून वर रंग मारलेला असतो. ओट्याखालच्या प्लायवूडच्या कडा फुगल्या आहेत का, कपाटाची पाठ मऊ लागते का, वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का, हे पाहावे. नव्या रंगाच्या दाराला गंजलेल्या बिजागऱ्या असतील तर त्यांवरूनही बरेच कळते. खांबांवर उभ्या भेगा आणि तपकिरी डाग दिसत असतील तर आतली सळई गंजत आहे. तेथे नुसता गिलावा फिरविणे ही दुरुस्ती नव्हे.

७. वीज. हा मुद्दा जिवाशी संबंधित आहे. पाण्यात बुडालेली बटणे, सॉकेट, फ्यूज आणि जोड वाळवून पुन्हा वापरणे धोक्याचे असते. नवीन बोर्ड दिसला म्हणून आतली वायर नवीन आहे असे समजू नये. वायरमनकडून मेन स्विच बंद करून तळमजल्यावरचे दोन-तीन बोर्ड उघडून घ्यावेत. आत वाळलेला गाळ, गंजलेले स्क्रू किंवा हिरवट पडलेले तांबे दिसले तर वायरिंग जुनेच आहे. अर्थिंग तपासून घ्यावे. गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच बसविला आहे का, हेही पाहावे. ज्या घरात लहान मुले ओल्या पायांनी वावरणार आहेत तेथे यात काटकसर करू नये.

८. पाणी आणि सांडपाणी. पुराच्या पाण्याबरोबर गाळ आणि घाण दोन्ही विहिरीत व जमिनीखालच्या टाकीत शिरतात. विहीर उपसून, गाळ काढून निर्जंतुक केली होती का, हे विचारावे आणि पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. संडासची टाकी विहिरीपासून किती दूर आहे, तिला तडे गेले आहेत का, हेही पाहावे. नजासतीमुळे पाण्याचा रंग, चव किंवा वास बदलला तर त्या पाण्याने वुजू होत नाही, यावर सर्व फकीहांचे एकमत आहे. म्हणजे हा प्रश्न आरोग्याचा आहे तसाच तहारतचाही आहे. मोरी, न्हाणीघर आणि संडास येथे एकाच वेळी बादल्या ओतून पाहाव्यात. नळ्यांत गाळ बसला असेल तर पाणी मागे तुंबते. इमाम नववी (रह.) यांच्या यादीत मोरी का आहे, हे अशा वेळी उमगते.

९. काळ. शक्य असेल तर घर एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा भर पावसाळ्यात पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत ओली भिंतही कोरडी भासते.

चांगली दुरुस्तीही ओळखावी

प्रत्येक दुरुस्तीकडे संशयाने पाहणे न्यायाचे नाही. पूर येऊन गेल्यावर अनेक कुटुंबांनी मनापासून, पदरमोड करून घरे नीट केली आहेत. अशा दुरुस्तीची लक्षणेही सांगता येतात. गाळ काढून घर धुतले, भिजलेला गिलावा विटेपर्यंत किंवा चिऱ्यापर्यंत खरवडला, भिंत वाळायला वेळ दिला, मग नवा गिलावा केला. वायरिंग बदलताना सॉकेट पुराच्या रेघेच्या वर घेतले, मीटर उंचावर नेले. खालच्या मजल्यावर प्लायवूडऐवजी पाण्याने न बिघडणाऱ्या वस्तू वापरल्या. काम चालू असतानाची छायाचित्रे आणि बिले जपून ठेवली.

असा मालक प्रश्नांनी चिडत नाही. तो स्वतःच दाखवतो की पाणी इथवर आले होते. दोष दूर करणारी दुरुस्ती उघडपणे सांगता येते. दोष झाकणारी दुरुस्ती मात्र लपवावी लागते. पाहणीच्या नऊ मुद्द्यांपैकी एकही लक्षात राहिला नाही तरी हा फरक विसरू नये.

विकणाऱ्या बंधूंसाठी

आपण स्वतः असे घर विकत असाल तर आपल्यावरील संकट खरे आहे, हे मान्यच आहे. पण एका मुस्लिमाने दोष असलेली वस्तू तो दोष सांगितल्याशिवाय आपल्या बंधूला विकणे वैध नाही, असे प्रेषितांचे (स.) वचन माननीय उकबा बिन आमिर (रजि.) यांच्याकडून इब्ने माजा यांच्या संग्रहात आले आहे. ग्राहक मुस्लिम नसेल तर मोकळीक आहे, असा अर्थ कोणी काढू नये. फसवणूक ही फसवणूकच असते. माप आणि वजनात लोकांना तोटा देणाऱ्यांविषयी सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये जो इशारा आला आहे तो ग्राहकाचा धर्म विचारत नाही.

'घर जसे आहे तसे देत आहे, नंतर तक्रार चालणार नाही' असे म्हटल्याने जबाबदारी संपते का? हनफी मसलकात अशा अटीवर झालेला व्यवहार कायम राहतो आणि ग्राहकाचा परत करण्याचा अधिकार जातो. शाफिई मसलकात घरासारख्या वस्तूबाबत अशी अट विक्रेत्याला मोकळे करीत नाही. परंतु ठाऊक असलेला दोष जाणूनबुजून लपविण्याचे पाप या अटीने धुतले जाते, असे कोणताही मसलक म्हणत नाही. व्यवहार कागदावर टिकणे वेगळे आणि अल्लाहसमोर टिकणे वेगळे.

इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचा व्यापार करीत. एका कापडात दोष होता आणि तो ग्राहकाला सांगावा, असे त्यांनी आपल्या भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला, ग्राहक कोण होता हेही कळेना. तेव्हा इमामांनी त्या मालाची सर्व रक्कम दान करून टाकली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. ज्या पैशात लपविलेला दोष मिसळला आहे तो पैसा त्यांना घरात नको होता. खरे बोलून दोष स्पष्ट केला तर दोघांच्या व्यवहारात बरकत होते, आणि लपविले व खोटे बोलले तर बरकत पुसली जाते, ही माननीय हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. किंमत लाख-दोन लाखांनी कमी आली तरी बरकत राहावी, की पूर्ण किंमत यावी आणि बरकत जावी, हे प्रत्येकाने आपल्या ईमानाला विचारावे.

ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी

व्यवहार दोघांचा असला तरी खरी माहिती अनेकांजवळ असते. रंग देणाऱ्याला ठाऊक असते, गवंड्याला असते, दलालाला असते, शेजाऱ्याला असते. 'आपल्याला काय करायचे आहे' असे म्हणून हे सर्व गप्प राहतात.

माननीय वासिला बिन अस्का (रजि.) यांच्यासमोर एकाने उंटीण विकत घेतली. ती घेऊन तो निघाला तेव्हा वासिला (रजि.) त्याच्या मागे गेले आणि त्यांनी विचारले की ही मांसासाठी घेतली की प्रवासासाठी? प्रवासासाठी, असे तो म्हणाला. तेव्हा त्यांनी सांगितले की तिच्या पायाला छिद्र आहे, ती लांब चालू शकणार नाही. ग्राहक परतला, विक्रेत्याला किंमत कमी करावी लागली आणि तो वासिलांवर (रजि.) रागावला. त्यांनी उत्तर दिले की दोष न सांगता विकणे वैध नाही, आणि ज्याला दोष ठाऊक आहे त्यानेही गप्प राहणे वैध नाही, असे आपण प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे.

या प्रसंगातला प्रश्न लक्षात ठेवण्याजोगा आहे. वस्तू कशासाठी घेतली, हे आधी विचारले गेले. गोदामासाठी घेतलेल्या घरात चालणारा दोष दम्याचा त्रास असलेल्या वृद्धेच्या खोलीत चालत नाही. ग्राहकाने आपला हेतू सांगावा आणि जाणकाराने त्या हेतूला बाधणारी गोष्ट सांगावी. लग्नाच्या बाबतीत विचारपूस केली असता खरे सांगणे जसे गीबत ठरत नाही, तसेच खरेदीदाराने विचारल्यावर घराचा दोष सांगणे ही गीबत नव्हे. ती नसीहत म्हणजे हितचिंतन आहे. मात्र विचारले तेवढेच आणि जे निश्चित ठाऊक आहे तेवढेच सांगावे. ऐकीव गोष्टींत भर घालून कोणाच्या घराची बदनामी करू नये.

खरेदीदारासाठी दोन शब्द

हात आत घालण्याचा अधिकार मिळाला म्हणून हात पिरगळण्याचा अधिकार मिळत नाही. पुराने अडचणीत आलेल्या कुटुंबाला घाई आहे हे पाहून नसलेले दोष काढणे आणि किंमत पाडत जाणे हाही अन्याय आहे. लोकांच्या वस्तू कमी लेखून त्यांचा हक्क हिरावू नका, हा संदेश प्रेषित शुऐब (अलै.) यांनी मदयनच्या लोकांना दिला होता आणि पवित्र कुरआनने तो एकाहून अधिक ठिकाणी नोंदविला आहे. दोष खरा असेल तेवढीच किंमत कमी मागावी. ज्याने प्रांजळपणे पुराची रेघ दाखविली त्याच्या प्रांजळपणाला शिक्षा करू नये, अन्यथा पुढचा विक्रेता ती रेघ रंगवून टाकील.

व्यवहार ठरला की तो लिहून घ्यावा. पवित्र कुरआनने सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची आणि खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवण्याची शिकवण दिली आहे. पाणी कोणत्या वर्षी, किती फूट आले, नंतर कोणती कामे केली, काय करायचे राहिले, हे साठेखतातच नमूद करावे. देशाचा कायदाही या बाबतीत आपल्या बाजूने आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि ग्राहकाला सर्वसाधारण काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पण या कलमातही 'सर्वसाधारण काळजी' ग्राहकाकडून अपेक्षित आहेच. म्हणजे हात आत घालण्यातून येथेही सुटका नाही.

पूर अल्लाहच्या आज्ञेने येतो आणि ओसरतो. त्याने भिंतीवर सोडलेली ओल हा कोणाचा गुन्हा नाही. मात्र ती ओल वर ठेवावी की खाली दडवावी, हे आपल्या हाती दिले गेले आहे, आणि त्याचाच जाब आपल्याला द्यावा लागणार आहे. अल्लाह आपल्या घरांना संकटांपासून सुरक्षित ठेवो, आपल्या व्यवहारांत सचोटी आणि बरकत देवो. आमीन.

घरात एकत्र बसून चर्चा करण्यासाठी

१. धान्याच्या राशीच्या हदीसमधून विक्रेत्यासाठी कोणता आणि ग्राहकासाठी कोणता धडा मिळतो?

२. दोष दूर करणारी दुरुस्ती आणि दोष झाकणारी दुरुस्ती यांतील फरक आपल्याच घरातील एखाद्या कामाच्या उदाहरणाने सांगा.

३. शेजाऱ्याने विकायला काढलेल्या घराविषयी खरेदीदार आपल्याला विचारतो. नसीहत कुठे संपते आणि गीबत कुठे सुरू होते?

४. मोटार, दुचाकी, फोन किंवा शिलाई मशीन अशी वापरलेली वस्तू विकताना आपल्या हातून तदलीस कशी घडू शकते?